जावयाने आणलेलं तेल

देवबाग,
४ फेब्रुवारी २०२५

चि. सीता हिला रुक्मिणीचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन ते आमच्या नम्रताच्या हातात देत होता, मी पुढे होऊन घेतलं. सुनेने वाचलं असतं तर संध्याकाळपर्यंत आमच्या खोल्यांत भाड्याने उतरलेल्या पाहुण्यांनाही कळलं असतं की जामसंड्याला माझ्या धाकट्या बहिणीची नागीण सुकली पण दुखणं गेलं नाही. फोनचं नाव काढू नको. मागच्या वेळी मी इथून ओरडत होते आणि तू तिथून "कोण बोलता? कोण?" करत होतीस. बहिरी तू आणि घसा बसला माझा. पत्रच बरं. मास्तरांनी चौथीपर्यंत हातावर पट्ट्या मारल्या त्याचं काहीतरी चीज होऊ दे.

आता तुझ्या बाटलीचं. तू लिहितेस, जावई चंदनने पुण्याहून तेलाची बाटली आणली, वर 'विजया' असं लिहिलंय, दुखण्यावर चालतं, घेऊ की नको ते बाय तू सांग. मी आधी म्हटलं, ही विजया कोण? असेल कोणी बाई, घरी तेल काढून विकत असेल, आमच्या वाडीतली सुशीला खोबरेल विकते तशी. मग खोलीत उतरलेल्या एका पुण्याच्या मुलीला विचारलं. ती हसली. म्हणाली, "आजी, विजया म्हणजे भांग. तिच्यातली नशा बाजूला काढतात आणि दुखणं मारणारं तेवढं ठेवतात. सीबीडी म्हणतात त्याला. काही बाटल्यांत थोडी नशाही राहते, वाचून घ्यावं लागतं."

मी म्हटलं, "नशा काढल्यानी तर मगे भांगेत ऱ्हवला काय?"

तिची आई गुडघ्यांसाठी घेते म्हणे. गुण येतो का विचारलं तर म्हणाली, "कधी येतो, कधी नाही." एवढं तर मीही सांगेन.

सीते, तू त्या मुलीची आई नव्हेस. तुझ्या काळजात धातूची झडप बसवलीय. रक्त पातळ ठेवायची गोळी तू रोज खातेस आणि महिन्याच्या महिन्याला सुई टोचून ते रक्त बघतात. पालेभाजी जास्त झाली तरी डॉक्टर ओरडतो, असं तूच सांगितलं होतंस. मूठभर भाजीने ज्या रक्ताला फरक पडतो, त्याला भांगेने पडत नाही हे चंदनला कोणी सांगितलं? तो मोटारी विकतो.

डॉक्टरला विचार, मग काय ते कर. आणि ते तेल लावायचं की प्यायचं तेही लिही. तू लिहिताना निम्मं डोक्यात ठेवतेस.

रुक्मिणी


जामसंडे,
१० फेब्रुवारी

ती. बाय हिच्या पायांवर सीतेचं डोकं.

तेल लावायचं नाही आणि प्यायचंही नाही. नळीने जिभेखाली थेंब सोडायचे आणि थोडा वेळ तसंच बसायचं. चंदनने करून दाखवलं. चोरीचा माल नव्हे, फोनवरच्या डॉक्टरने चिठ्ठी दिलीय. त्या डॉक्टरशी चंदनच बोलला, मला कुठे ऐकू येतं. डॉक्टरने कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारलं तर चंदन म्हणाला, वयाच्या असतात त्याच, बीपीच्या वगैरे. मी मान हलवली.

तू म्हणतेस डॉक्टरला विचार. कशी विचारू? देवगडला आमच्या डॉक्टरांकडे बाकांवर अर्धा तालुका बसलेला असतो. आत-बाहेर मध्ये एक पडदा. मी हळू बोलते असं मला वाटतं, पण आमची सून विनीता म्हणते, "आई, तुमचा हळू नाक्यावर ऐकू येता." मग काय ओरडू? जावयान भांग दिल्यान, खाव काय? माझ्या दिव्याच्या नवऱ्याची अब्रू जाईल. पोलीस आले तर सासूने जावयाला आत घातलं असं होईल. तो बिचारा एवढ्या लांबून माझ्यासाठी घेऊन आला. जावयाच्या हातची वस्तू परत कशी करू?

विनीताला सांगितलेलं नाही. गेल्या गणपतीत तिचं आणि चंदनचं वाजलं तेव्हापासून तो आणेल ते तिला विष. बाटली देवघरात ठेवलीय, समईच्या तेलाला लागून. तिला वाटतं देवाचंच आहे.

बाय, दुखणं तुला लिहून कळायचं नाही. खपल्या पडल्या, कातडी कोरी झाली, पण आत ती नागीण अजून चालते. उजव्या छातीखालून पाठीपर्यंत. ब्लाऊज घातला की निखारा चिकटतो. पदराचा वारा लागला तरी तोंडातून आवाज जातो. डॉक्टरांनी शिरांची गोळी दिली होती तिने गुंगी आली आणि मी न्हाणीत पडले, म्हणून मी ती बंद केली. तेव्हापासून विनीता मला दंडाला धरून न्हायला नेते. धरते पण घट्ट, म्हैस ओढावी तशी.

मी नीट झोपले त्याला किती महिने झाले ते आता आठवत नाही. तू 'घे' म्हण, घेईन. 'नको' म्हण, हात लावणार नाही. आवस गेली तेव्हापासून आईच्या जागी तू, मी तुझंच ऐकत आलेय.

सीता


देवबाग,
१५ फेब्रुवारी

चि. सीता हिला आशीर्वाद.

माझंच ऐकत आलीस हे दुसऱ्या कोणाला तरी सांग. त्या घरात देऊ नका म्हणून मी बापाशी भांडले, तू हिरवा चुडा भरून माझ्यासमोर हसत उभी होतीस.

न्हाणीत पडलीस ते आता कळवतेस. बरं.

मी 'घे' म्हणणार नाही आणि 'नको' म्हणणार नाही. 'घे' म्हटलं आणि तुला काही झालं तर ते माझ्या डोक्यावर. 'नको' म्हटलं तर तुझी प्रत्येक रात्र माझ्या डोक्यावर. माझं डोकं एवढं मोठं नाही. ज्याने झडपेची गोळी लिहून दिली त्यानेच सांगायचं.

भांग म्हणायला लाज वाटते? मग भांग म्हणू नको. बाटलीवर तेल लिहिलंय ना? तेल म्हण. 'जावयाने आणलेलं तेल घेऊ का', एवढंच विचार. बाकांवरच्या लोकांना तेल ऐकू येईल. मग तो विचारील कसलं तेल, तेव्हा त्याच्या टेबलावर बाटली ठेव, तो वाचील. आणि पोलिसांची भीती घालू नको. ते आले तरी तुझ्याशी बोलून तेच घसा धरून परत जातील.

पण विचार. न विचारता एक थेंब जिभेखाली गेला तर माझं पत्र पुन्हा तुझ्या दारात यायचं नाही.

रुक्मिणी


जामसंडे,
३ मार्च

ती. बाय हिला नमस्कार.

विचारलं. तू सांगितलंस तसंच विचारलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. रक्त द्यायला गेले होते. विनीता बाहेर चपलांपाशी उभी होती. मी म्हटलं, "डॉक्टर, जावयान तेल आणल्यान आसा. घेतलंय तर चलात काय?" डॉक्टर कागदावर लिहीत होते. माझ्यासाठी मोठ्याने म्हणाले, "चालेल की आजी. पण बेताने घ्या, जास्त नको. तुमच्या हृदयाला तेल कमीच बरं." बाकांवरचे लोक हसले. मीही हसले. बाटली पिशवीत होती, पण त्यांनी मागितली नाही तर मी उगाच कशाला काढू? परवानगी मिळाली, विषय संपला. रक्तही बरोबर आलं.

तरी लगेच घेतलं नाही. महाशिवरात्रीला कुणकेश्वरला गेलो, लेकाने, सत्यवानने, गाडी केली होती. दर्शन घेतलं आणि मनात म्हटलं, ही तुझीच वस्तू, तूच बघ. घरी येऊन पहिले थेंब सोडले. कडू, गवतासारखं. सुरुवातीला काही नाही. मग परवा काय झालं माहीत आहे? मला जाग आली तेव्हा उन्हं माजघरात आली होती. मी झोपले होते, बाय. विनीता घाबरून माझ्या छातीला कान लावून बसली होती. माझी झडप टिकटिक करते ना, ती सगळ्यांना ऐकू येते, एक मला सोडून. ती म्हणाली, "आई, घड्याळ चालू आसा म्हणान उठवक नाय."

काल ब्लाऊज घातला आणि घावणे करायला चुलीपाशी बसले. दुखणं गेलं नाही. पण आधी ते माझ्या अंगावर बसलं होतं, आता बाजूला बसलंय.

चंदनला तुझा आशीर्वाद कळवते.

सीता


देवबाग,
६ मार्च

चि. सीता हिला आशीर्वाद.

माझा आशीर्वाद परस्पर कळवू नको. जावई तुझा.

डॉक्टरने कसलं तेल ते विचारलंच नाही? एवढं एक माझ्या घशात अडकलं, पेडव्याचा काटा अडकतो तसं. लवूला म्हटलं, तर माझा शहाणा मुलगा म्हणतो, "आये, डॉक्टर हो म्हणाले ना, मग तुझा काय?" तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू झोपलीस असं त्यात लिहिलंय. मग मी भाताच्या गोळ्याबरोबर काटा गिळला.

थेंब वाढवू नको. बेताने म्हणजे बेताने. तुला गोड लागलं की तू भांडं चाटतेस, लहानपणापासून.

पुढच्या वेळी रक्त बघतील तेव्हा काय सांगतात ते लिही.

रुक्मिणी


जामसंडे,
१३ मार्च

ती. बाय हिला नमस्कार.

आज होळी. उशिरा लिहितेय, आमच्याकडे आंब्याचं काम सुरू झालं. मी पेट्यांत पेंढा घालायला बसते, तेवढं जमतं. अक्षर वेडंवाकडं दिसेल, बोट सुजलंय. पेटीचा खिळा लागला तर रक्त थांबेना, हळद दाबून बसले.

दुखणं बरं आहे. मध्ये पुन्हा वर आलं म्हणून मी थेंब थोडे वाढवले. रागावू नको. डॉक्टरांनी बेताने म्हटलं होतं, तर मी बेतानेच वाढवले.

एक तुला सांगते, पण तू ते तुझ्यातच ठेव. विनीता हल्ली न्हायला धरते तिथे निळं उमटतं. काल दंड बघितला तर तिच्या बोटांचे ठसे, जांभळासारखे काळे. पाठीलाही आहे म्हणते शेजारची मामी. मी काही विचारलं नाही. दिवसभर ती आंब्यात राबते, मग मला उचलते, तिचाही राग कुठेतरी जाणार. मशेरी लावताना हिरड्यांतून रक्त येतं, तीही आता सोडावी म्हणते. म्हातारपणी माणूस पिकल्या आंब्यासारखं होतं, बोट लावलं की डाग.

तिला काही लिहू नको हां. मला तिच्याच हातचं खायचंय.

सीता


देवबाग,
१८ मार्च

विनीता,

आशीर्वाद नंतर. आधी मला सांग, माझ्या बहिणीच्या दंडावर तुझी बोटं कशी उमटली?

तिने मला काही लिहू नको असं सांगितलंय. म्हणजे ती तुला घाबरते. सीता ह्या जन्मात बापाला घाबरली नाही, नवऱ्याला घाबरली नाही, आणि आता सुनेला घाबरून पाठीवरचे डाग झाकते. अंगावर पदर सोसत नाही अशा बाईला कशी धरायची हे तुला तुझ्या आवशीने शिकवलं नसेल तर मी येऊन शिकवीन. माझे गुडघे गेलेत, हात गेलेले नाहीत.

आंब्याचं काम जास्त होतं? मग पेट्या राहू देत. आंबा कुजला तर टाकता येतो.

सत्यवानला हे पत्र दाखव. नाही दाखवलंस तर मी त्याला जत्रेत सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. आणि त्या बाईला आज माझ्या नावाने विचार, "मावशीकडे जायचं आहे का?" हो म्हणाली तर लवू गाडी घेऊन येईल.

रुक्मिणी


कणकवली,
२२ मार्च

ती. मावशींना विनीताचा नमस्कार.

आपलं पत्र काल घरी आलं, ते ह्यांनी इथे दवाखान्यात आणून दिलं. फोन केला असता, पण फोनवर आपण मला बोलू दिलं नसतं. म्हणून लिहून मालवणच्या गाडीला देत आहे. कंडक्टर ओळखीचे आहेत, ते आजच पोहोचवतील.

आईंना परवा इथे दाखल केलं. सकाळी नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. लघवीलाही लाल होत होतं. देवगडच्या डॉक्टरांनी बघताच इकडे पाठवलं. इथे म्हणतात रक्त नको तेवढं पातळ झालं आहे, पाण्यासारखं. ते डाग त्यामुळेच. नुसतं टेकलं तरी निळं पडतं. आपण लिहिलेली बोटं माझीच आहेत, खोटं बोलणार नाही. त्या न्हाणीत पुन्हा पडू नयेत म्हणून धरत होते. उमटतील हे मला माहीत नव्हतं. पत्र ह्यांना दाखवलं. वाचून ते माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मी विसरणार नाही, मावशी.

पण ते आता राहू दे. गोळी तीच, तेवढीच, मी स्वतः हातात देते. मग रक्त असं का झालं हे कोणालाच कळत नाही. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं, दुसरं काही औषध घेता का, गावठी, झाडपाल्याचं, कोणी दिलेलं. आई देवाची शपथ घेऊन सांगतात, औषध नाही. मीही तेच सांगितलं, कारण घरात दुसरं औषध नाहीच. इंजेक्शन दिलं आहे, पण डॉक्टर म्हणतात कारण सापडलं नाही तर घरी गेल्यावर पुन्हा होईल, आणि पुढच्या वेळी रक्त डोक्यात उतरलं तर काही करता येणार नाही. आई आपल्याला सगळं लिहितात. आपल्याला काही माहीत असेल तर सांगा. माझ्यावरचा राग बाजूला ठेवून सांगा.

विनीता


जामसंडे,
८ एप्रिल

ती. बाय हिला नमस्कार.

घरी आले. बसून लिहिता येतं.

तू त्या दिवशी फोन केलास तेव्हा विनीता माझ्या खाटेशीच होती. फोन तिच्या कानाला होता तरी मला तुझा आवाज ऐकू आला, मला, बहिरीला. "देवघरातली बाटली" एवढंच तू ओरडत होतीस. तिचा चेहरा मी बघितला. मग ती माझ्याकडे न बघता डॉक्टरांना बोलवायला गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी मला लिहून विचारलं, आजी, औषध घेत नाही म्हणालात, मग हे काय? मी सांगितलं, तेल. औषध विचारलंत, मी औषध नाही म्हटलं. तेल विचारलं असतंत तर तेल सांगितलं असतं. देवाची शपथ खोटी नाही घेतली. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

आता माझं ऐक. तू दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलीस, डॉक्टरांना दाखवायला आणलेली बाटली सगळ्यांसमोर घेऊन गेलीस, कोणी तुला अडवलं नाही. पण ती माझी होती. आता नागीण पुन्हा अंगावर चढलीय. ब्लाऊज खुंटीला आहे. उन्हं माजघरात येताना मी रोज बघते, कारण मी जागीच असते.

डॉक्टर म्हणतात रक्ताची गोळी आणि हे तेल एकत्र नको. तेल घेतलं की गोळी अंगात साठत जाते. मला ते कळलं. मग मी विचार केला. दोन्ही चालत नाहीत ना? मग एक सोडायचं. मी गोळी सोडते. तू बाटली पाठव. झडप बंद पडायची तेव्हा पडेल. तोवर मी झोपेन तरी. कोणाला सांगणार नाही, तुलाच लिहितेय. विनीता गोळी हातात देते, ती मी तोंडात धरून मागीलदारी टाकू शकते. अजून टाकलेली नाही. तुझ्या पत्राची वाट बघेन.

ह्या वेळी डॉक्टरवर ढकलू नको. 'घे' म्हण किंवा 'नको' म्हण.

सीता


देवबाग,
१३ एप्रिल

सीते,

नको.

झालं. आता बाकीचं वाच.

तुझं पत्र काल दुपारी आलं, मी आज पहाटेच्या गाडीने देवगडला जाऊन आले. तुझ्या घरी चढले नाही, कारण तुला बघून मला काहीतरी बोलावं लागलं असतं. डॉक्टरकडे नंबर लावला. बाकांवर तुझा अर्धा तालुका होता. आत गेले, बाटली त्याच्या टेबलावर ठेवली आणि पडदा बाजूला सारून म्हटलं, "ही भांग. जावयान आणल्यान. माझ्या भयणीन तुमका विचारलेल्यान, तुमी मान वर करूक नाय." बाहेर कोणी हसलं नाही. पोलीसही आले नाहीत. डॉक्टर म्हणाला, "आजी, मी खोबरेल समजलो. चूक माझीही आहे." मी म्हटलं, तुमची अर्धी, अर्धी माझी. 'तेल म्हण' हे तिला मी सांगितलं होतं. माझ्या थट्टेवर ही बाई देवाची शपथ घेते हे मला कळायला हवं होतं.

मग त्याला एकेक विचारलं. तेल वाईट का? म्हणाला, सरसकट वाईट म्हणणार नाही, कोणाला गुण येतो, कोणाला येत नाही, अजून पक्कं कोणी सांगत नाही. पण हिच्या गोळीशी त्याचं जमत नाही. गोळी सोडली तर? त्याने कागदावर तुझी झडप काढली. धातूवर रक्ताची गाठ धरते. ती सुटली की डोक्यात जाते. सगळेच झोपेत मरत नाहीत, सीते. तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, जीभ जाते, आणि माणूस तसंच वर्षं काढतं. मग तू कुशीवर वळायलाही विनीताला हाक मारशील आणि ती हाकसुद्धा तुला मारता येणार नाही. तुला झोप हवी म्हणून तू हे मागतेस. हे मागू नको.

तुझं घड्याळ तुला ऐकू येत नाही, म्हणून तुला ते स्वस्त वाटतं.

आता काय करायचं ते. शिरांची जी गोळी तू बंद केलीस, तीच पुन्हा, पण चिमटीएवढी, निजताना, आणि हळूहळू वाढवायची. आधी त्याने एकदम मोठी दिली होती, हे त्याने कबूल केलं. कातडी बधिर करणारी पट्टी मिळते, ती दुखतं तिथे चिकटवायची. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. गुंगी येईल. पडशील असं वाटेल. म्हणून मी येते. शुक्रवारच्या गाडीने, पावसापर्यंत राहते. लवू म्हणाला, "आये, सीझन आसा, जेवणाचा कोण बघतला?" म्हटलं, पाहुण्यांना नम्रता जेवायला घालील, मी गेल्यावर तरी तिला मीठ कळेल.

तुला न्हायला मी धरीन. दंडावर निळं उमटलं तर ती बोटं माझी असतील, कोणाला पत्र लिहायचं नाही. विनीताला मी काही लिहिणार नाही. लिहून मी जे करायचं ते केलंय. येताना तिच्यासाठी कोकमाची सोलं आणि सुके बांगडे आणते. घेतले तर घेतले, नाहीतर फेकू दे माझ्या अंगावर. तिला तेवढा हक्क आहे.

चंदनला फोन केला होता. रडायला लागला. मी म्हटलं, रडू नको, आंबे खायला ये, पण येताना हात रिकामे आण.

बाटली माझ्या ट्रंकेत कुलपात आहे. ओतली नाही. ओतली म्हटलं असतं तर तू दुसरी मागवली असतीस, मी तुला ओळखते. तू विचारशील, मग तूच घे तुझ्या गुडघ्यांना. तेही विचारलं मी डॉक्टरला. म्हणाला, "आधी वजन उतरवा." उद्धट आहे, पण आता मान वर करून बोलतो.

शुक्रवारपर्यंतच्या गोळ्या गिळ. मागीलदारी एकही सापडली तर मी आल्या पावली ती तुझ्या नरड्यात घालीन. तुझी खाट माजघरात माझ्या बाजूला घालायला सांग. तू जागी असशील तर मला उठव, आपण बोलू, मी ओरडीन. तू झोपलीस तर मी तुझी टिकटिक ऐकत पडेन, ती कोणीतरी ऐकायला हवी.

स्टँडवर कोणी येऊ नका. घर मला माहीत आहे.

रुक्मिणी